‘तुमचंच’मधलं शेवटचं गाणं

माझ्या सपाता वाजतात, ही आमच्या इमारतीतली सर्वांत जुनी तक्रार. सपाता चामड्याच्या, तळ जाड, टाच मोकळी. उजवी पडली की चट्, डावी पडली की पट्. वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाई म्हणायच्या, "तुम्ही जिना चढता, की जिन्याच्या थोबाडीत मारता हो?" मी म्हणायचो, "थोबाडीतच, पण प्रेमानं." निवृत्त माणसाला काम नसलं तरी आवाज असावा. नाहीतर लोक खुर्ची रिकामी समजून त्याच्या मांडीवर येऊन बसतात.

घरात आम्ही चौघं. मुलगा, सून, मी आणि काही महिन्यांची नात. नातीला रीतसर नाव आहे, पण मी तिला भोंगा म्हणतो. ती रडायला लागली की आगीचा बंब आला समजून रस्त्यावरच्या गाड्या बाजूला व्हायच्या. तिचा पाळणा आतल्या खोलीत, खिडकीला लागून. खिडकीखाली अरुंद रस्ता, पलीकडे शिंप्याचं दुकान. शिंपी माझा जुना दोस्त. मी माझं छापून आलेलं काही त्याला वाचून दाखवलं की तो तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायचा, "बरंय. खांद्यात जरा सैल आहे."

आता सटरफटरबद्दल सांगायला हवं. सटरफटर हा बँड. नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि खोटं नाही. जिथून जे सापडेल ते उचलायचं आणि गाण्यात टाकायचं. पुढे ट्रम्पेट, मागे खंजिरी, मध्येच कुणी पत्र्याचा डबा बडवतंय, आणि वर एक बाई अशा भाषेत गाते की ती भाषा तिला तरी येत असेल का, अशी शंका यावी. पण पाय म्हणून कुणाचे स्वस्थ बसत नाहीत. माझे बसतात. नाच हा प्रकार मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावरच पाहिलेला आहे. बाकी आमची गल्ली मात्र सटरफटरच्या भजनी लागली होती. मुलगा इस्त्री करता करता नाचायचा, म्हणून त्याच्या शर्टांना भलत्याच ठिकाणी घड्या असत. मालकीणबाई एक गुडघा धरून दुसऱ्यावर नाचायच्या. शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेताना नाचायचा आणि मग पँट आखूड झाली की गिऱ्हाईक उंच झालं म्हणायचा.

नवा अल्बम येणार अशी बातमी आली तेव्हा मुलगा तीन जिने पळत चढून आला. "बाबा, या वेळी ते आपल्या घरातले आवाज घेणार आहेत!"

"कुणाच्या घरातले?"

"चाहत्यांच्या! प्रत्येक गल्लीत त्यांचा माणूस येणार. आपल्यापैकी जो जे देईल ते अल्बममध्ये. नावच ‘तुमचंच’ आहे."

माणूस आला तो एका दुपारी. सडपातळ, स्वच्छ, कान मोठे आणि धुतल्यासारखे. गल्लीनं त्याचं नाव लगेच कानवाला ठेवलं. खांद्याला एक पेटी, हातात फडक्यात गुंडाळलेला माइक. बोलायचा इतकं हळू की समोरच्यालाही कुजबुजावं लागे. त्याची एक पद्धत होती. आवाज आवडला की तो विचारायचा, "दिला?" आणि आपण तोंडानं "दिला" म्हटलं, तरच पेटीचं बटण दाबायचा. मान हलवलेली चालायची नाही. मला हे आवडलं. हल्ली विचारून नेणारे कमी झालेत.

शिंप्यानं शिवणयंत्र दिलं. मालकीणबाईंनी कुत्र्याचं भुंकणं दिलं, आणि कुत्र्याच्या वतीनं "दिला" म्हणाल्या. आमच्याकडे मुलानं आठवडाभर किटली घासून ठेवली होती. कानवाल्यानं तिची शिट्टी ऐकून घेतली, डॉक्टर धडधाकट माणसाची छाती ऐकतो तशी. "चांगली आहे," तो म्हणाला, "पण सगळ्यांकडे असते." मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला पाणी आणायला उठलो. चट्, पट्.

कानवाल्यानं मान वळवली. "हा?"

"हा माझ्या पायांचा."

"दिला?"

"दिला," मी म्हणालो. "मालकीणबाई तुम्हाला दुवा देतील."

त्यानं मला खोलीभर चालवून घेतलं. खरं सांगायचं तर मी थोडा फुगलो होतो. इतकी वर्षं लिहिलं, कुणी त्यावर पाऊल थिरकवलं नाही. आता माझ्या पावलांवर थिरकणार होते.

तेवढ्यात आत भोंगा सुरू झाला. कानवाला जागच्या जागी थांबला. तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा. तो आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि डोळे मिटून उभा राहिला. पोरगी सूर धरायची, वर चढवायची, टोकाला नेऊन तिथं क्षणभर थरथरवायची आणि मग कोसळायची.

"हा?" त्यानं विचारलं.

सून दाराशी उभी होती. बाळंतपणापासून सलग झोप कशाशी खातात ते ती विसरली होती. डोळ्यांखाली काळं, खांद्यावर ओकारीचा डाग, एका हातात दुधाची बाटली.

"दिला?"

"दिला, दिला! न्या एकदाचा!" ती म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. कानवाला हसला नाही. त्यानं काम उरकलं, वायर गुंडाळली आणि पेटी दोन्ही हातांत धरून जिना उतरला. आला तेव्हा पेटी खांद्याला होती.

अल्बम आला तो रविवारी. ठरल्याप्रमाणे भर दुपारी गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या, सगळ्यांनी एकदम लावलेला. असा उत्साह मी निवडणुकीच्या निकालालाही पाहिलेला नाही. दुसऱ्या गाण्यात कुत्रा भुंकला आणि मालकीणबाईंनी खिडकीतूनच फुलं उधळली. तिसऱ्यात ट्रम्पेटच्या खाली यंत्र धडधडायला लागलं. शिंपी रस्त्यात येऊन छाती बडवत ओरडला, "हा मी! अरे, हा मी!"

शेवटचं गाणं माझ्या सपातांनी सुरू झालं. चट्-पट्, चट्-पट्. तोच ठेका पहिल्यापासून अखेरपर्यंत. बाकीचं सगळं त्याच्यावर उभं. आणि मध्यावर, सगळी वाद्यं थांबल्यावर, तो बारीक आवाज वर चढायला लागला.

मी समीक्षक नाही. एवढंच सांगतो, की सबंध रस्ता पायाखालून कुणी उचलल्यासारखा वर गेला. शहाणीसुरती माणसं किंचाळत होती. मुलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बाबा! पाय हलतोय तुमचा!"

"मुंग्या आल्यात," मी म्हणालो.

गाणं संपल्यावर सून आत गेली. पोरगी इतका वेळ झोपली असावी, असंच आम्ही धरून चाललो होतो. एवढ्या गोंगाटात तिचं रडणं ऐकू येणार तरी कुठून? ती जागी होती. तोंड लाल, उशी भिजलेली.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढत असताना मालकीणबाई मला पाहून किंचाळल्या. "अहो, मागून असे चोरासारखे काय येता? मेले असते ना मी!" मी सपातांकडे पाहिलं. पाय आपटून पाहिला. पायरी टणक, सपात टणक, आवाज नाही. चामडं मऊ झालं असेल म्हटलं. मालकीणबाईंच्या कठड्यामागे कुत्रा माझ्यावर भुंकत होता. जबडा उघडायचा, अंग मागे हिसकायचं, मान ताणायची. सगळं प्रामाणिकपणे चाललेलं. फक्त ऐकू काही येत नव्हतं.

मी कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, "कान तरण्याताठ्या माणसाचे आहेत. बाकीच्याबद्दल विचारू नका."

शिंप्याकडे गेलो तर त्याच्या बोटाला हे एवढं बँडेज. सुई नखातून आरपार गेली होती. "यंत्र चालू आहे का बंद, तेच कळेना," तो म्हणाला. चेहऱ्यावर दुःख म्हणाल तर नखाएवढंही नव्हतं. "पण लेखक, एक गंमत दाखवतो." त्यानं तिसरं गाणं लावलं. धडधड नव्हती. मग त्यानं यंत्राचं पायडल मारायला सुरुवात केली. यंत्र गप्प. गाण्यात धडधड सुरू झाली. पाय थांबवला, धडधड थांबली.

"कापड कुठंय?" मी विचारलं. यंत्रावर काहीच नव्हतं.

"कापड कशाला? ऑर्डरी बंद केल्या मी. गावभर लोक नाचतायत, मी थांबलो तर बरं दिसेल का?"

मी घरी आलो. चाललो तरी आल्याचं कुणाला कळलं नाही.

घर शांत होतं. काही दिवसांपासूनच शांत होतं. सून म्हणत होती, "पोर शहाणी झाली हो." सून जेवत होती, केस विंचरत होती, बसल्या जागी झोपत होती. मी आतल्या खोलीत गेलो. पाळण्यात पोरगी पाठीवर पडली होती. मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी, तोंड जितकं उघडेल तितकं उघडलेलं. जीभ आत थरथरत होती. खोलीत मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

मी तिला उचललं. तिनं माझी कॉलर धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

मुलांच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती पाहिली. "भाता आहे भाता! काही झालेलं नाही. आवाज येईल आपसूक. आणि रडू द्यावं हो थोडं. रडण्यानं फुप्फुसं मजबूत होतात."

सुनेनं उपाय शोधला तो बाईमाणसाच्या अक्कलहुशारीनं. स्वयंपाकघरात शेवटचं गाणं सारखं चालू ठेवायला लागली. मला आधी वाटलं, हिलाही वेड लागलं. मग एकदा गाण्यात तो बारीक आवाज चढला, तशी ती हातातलं पातेलं टाकून आत धावली. आत तिनं पोरीला उचललं आणि स्वयंपाकघरात गाण्यातला आवाज मध्येच तुटला. पुढे नुसत्या सपाता वाजत राहिल्या.

"हे लावून ठेवलं की कळतं, बाबा," ती पोरीला थोपटत म्हणाली. दूध उतू जाऊ नये म्हणून वर पळी ठेवते, असं सांगावं तसं.

मी आयुष्यभर लोकांच्या विसंगतीवर बोट ठेवत आलो. इथं विसंगती नव्हतीच. सगळं नीट जुळत होतं.

बाहेर चाहत्यांत वेगळीच धूम. शेवटचं गाणं दर वेळी वेगळं वाजतं! तो आवाज कधी येतो, कधी येत नाही. कधी लांबतो, कधी तुटतो. वर्तमानपत्रांनी याला प्रयोगशीलता म्हटलं. आवाज आला की अनोळखी लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत. नाही आला तर हिरमुसून घरी जात.

मी मुलाला खरं सांगितलं. वाटलं, बाप आहे, हादरेल. तो खरंच हादरला. पाळण्याचा कठडा त्यानं घट्ट धरला. मग म्हणाला, "खात्री करून घेऊ." तो समोर शिंप्याकडे गेला, गाणं लावलं आणि रस्त्यापलीकडून फोन केला.

"ठेवा तिला खाली."

मी ठेवलं. तिचं तोंड उघडलं.

"आला! आता उचला."

उचललं.

"गेला! ठेवा. … आला! बाबा, उचला. … ठेवा. आणखी एकदा ठेवा."

खिडकीतून मला तो दिसत होता. दुकानाच्या दारात, फोन कानाला, मोकळा हात हवेत. आनंदानं त्याला उभं राहवत नव्हतं. मागे शिंपी बँडेजचं बोट वर करून गोल फिरत होता.

"बाबा," तो धापा टाकत म्हणाला, "सगळं गाव आपल्या पोरीवर नाचतंय!"

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. वाईट एकही नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पाय पुसून आत येत. खुळखुळे आणत, टोपडी आणत. पाळण्याभोवती अदबीनं उभे राहत, आवाज न करता. मालकीणबाईंनी सुनेला जवळ घेऊन विचारलं, "साधारण केव्हा रडते गं?"

"दुपारचं दूध उशिरा झालं, की."

"अस्सं," मालकीणबाई म्हणाल्या.

तेव्हापासून दुपारच्या दुधाच्या वेळेला दारावरची घंटा वाजायला लागली. कुणी सुनेची चौकशी करायला आलेलं, कुणाला लोणीसुद्धा वितळेल अशा गोड गप्पा मारायच्या असायच्या. सून दारात बाटली धरून उभी. भिडस्त पोर, दार कसं लोटणार? आत बाटली जाईपर्यंत ती गार होई. बाहेर गल्लीत कुठल्यातरी खिडकीत गाणं चालूच असे आणि टाळ्या पडत.

सुरुवातीला ती गाणं ऐकून धावत जायची. मग चालत जायला लागली. मग एकदा मी तिला स्वयंपाकघरात पाहिलं. बारीक आवाज टोकाला पोचून थरथरत होता आणि ती ओट्याला टेकून, डोळे मिटून, कंबरेत किंचित डोलत होती. मीच आत गेलो. माझी चाहूल कुणाला लागण्याचा प्रश्न नव्हता.

मग मी पाळण्याशी खुर्ची टाकली. पोरगी तोंड उघडण्याच्या आत उचलायची, हा माझा उद्योग. गाण्याचा तो भाग ओस पडला. गल्ली माझ्याशी बोलेनाशी झाली. जिन्यात भेटले की लोक बाजूला होत. आजारी माणसाला वाट देतात तशी.

आणि तो रविवार आला. सगळ्या शहरातल्या चाहत्यांनी एकाच वेळी शेवटचं गाणं लावायचं आणि रस्त्यावर नाचायचं, असं ठरलं होतं. भर दुपार, लख्ख ऊन. आमचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला. खांद्यावर पोरं घेऊन बाप आले होते. गर्दीच्या कडेला कानवाला उभा होता. हातात पेटी नव्हती. नुसताच कान वर करून उभा.

मी पोरीला घेऊन खिडकीशी बसलो. ती जागी होती आणि माझी कॉलर चोखत होती. बाटली स्वयंपाकघरात होती. सून दारात कुणाशी तरी बोलत होती.

गाणं सुरू झालं. चट्-पट्, चट्-पट्, सगळ्या खिडक्यांतून. ट्रम्पेट. खंजिरी. ती बाई आणि तिची ती भाषा. रस्ता उसळायला लागला.

वाद्यं थांबली.

काही आलं नाही.

नुसत्या सपाता. लोक हात वर करून थांबले होते, ते तसेच राहिले. मग एकेक तोंड आमच्या खिडकीकडे वळलं. कुणी रागावलेलं नव्हतं. खांद्यांवरची पोरंही वर पाहत होती.

"अहो लेखक," शिंपी खालून म्हणाला. इतक्या शांततेत त्याला ओरडावं लागलं नाही. "एवढं एकच गाणं."

"भूक लागलीय तिला," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी," शिंपी म्हणाला.

मागे मुलगा येऊन उभा राहिला. "बाबा, खाली ठेवा ना तिला. लोक थांबलेत."

मी हललो नाही. तेवढं तरी माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

सून आत आली. तिनं ओला हात पदराला पुसला, पोरीची बोटं माझ्या कॉलरमधून एकेक करून सोडवली, अगदी हलकेच, आणि तिला माझ्या मांडीवरून उचललं. वाटलं, आता पाजेल. तिनं तिचा पापा घेतला. पाळण्यात ठेवलं. पांघरूण नीट केलं.

"फुप्फुसं मजबूत होतात, बाबा," ती म्हणाली. "डॉक्टरच म्हणाले होते ना?"

पाळण्यात तोंड उघडलं.

आणि सगळ्या शहरातून तो आवाज वर चढला.

असा तो कधीच चढला नव्हता. रस्ता उचलला गेला. मुलानं सुनेला कवेत घेतलं आणि दोघं पाळण्याभोवती फिरायला लागली. खाली मालकीणबाई दोन्ही गुडघ्यांवर नाचत होत्या. मी खुर्चीवर होतो. मी नाचत नाही. मी मान खाली घातली.

माझा पाय हलत होता. उजवा, डावा, उजवा, डावा. केव्हापासून, ते मला सांगता येणार नाही. सपात जमिनीवर पडत होती, इथं काही वाजत नव्हतं, आणि ती पडली की खिडकीबाहेर चट् होत होतं.

शिंप्याचं यंत्र मी पाहिलेलं होतं. पाय थांबवला तर काय थांबेल, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

थांबवणारच होतो. पण कडवं संपत आलं होतं. म्हटलं, एवढं होऊ दे.